पूजेआधीचं पाणी

६ एप्रिल, रविवार

अण्णांच्या पोटात फुगा आहे म्हणे!

रुद्राणीचा फोन आला तेव्हा मी प्लेटा धूत होतो. पाइप चालू, पाण्याचा आवाज. मला वाटलं बहीण मस्करी करायलीय. ओरडून म्हणलं — कसला फुगा? जत्रेतला? तर तिकडून पोरगी रडायलाच लागली.

परभणीला सोनोग्राफी केली. पोट-कंबर दुखतंय म्हणून मुतखडा बघायला गेले होते. खडा नाही. पोटात पाठीच्या कण्याला लागून रक्ताची मोठी नळी जाते, ती एका जागी फुगलीय. सायकलची ट्यूब पातळ झाली की तिथं टम्म गोळा येतो, तसा. फुटली तर माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही — डॉक्टर म्हणले. माझ्या बापाच्या समोरच म्हणले!

आणि मी इथं राजस्थानात, फलोदीच्या पुढं. चारी बाजूंनी काळ्या सोलर प्लेटा आणि वाळू. इथून आमचं गाव, बोरी, गाठायचं म्हणजे दोन रेल्वे न् वर एसट्या.

८ एप्रिल, मंगळवार

संभाजीनगरला नेलं. बरोबर रुद्राणी आणि मुंजाजी काका. काका म्हणजे अण्णांचे दोस्त. शेतातून आले की आमच्या किराणा दुकानाच्या फळीवर बसलेले. दोघं मिळून एका बशीत चहा ओतून भांडतात.

आज अण्णांशी बोललो. म्हणलं, कधीपासून व्हतंय? तर म्हणले, वरीस झालं की! पूजेला बसलं, तळहातावर इष्टलिंग घेतलं, डोळे मिटले की बेंबीपाशी ठोका पडायचा. धड् धड् धड्. "मला वाटलं, शिवानं जवळ केलं."

वर्षभर माणूस खुशीत होता! कुणाला बोलला नाही. बोललं की असलं निघून जातं म्हणे.

मायला हे कळलं तर ती काय म्हणाली — "माझं दुखलं की वात, अन् ह्यांचं दुखलं की शिव!"

हसलो मी. फोन ठेवल्यावर स्वतःच्या बेंबीवर हात ठेवून बघितला.

९ एप्रिल

योगीराजला सांगितलं. हा मानवतचा, त्यानंच मला या कामावर आणलं. म्हणला, "शंभ्या, जा की गावाकडं. हितं तुझ्याबिगर सूर्य उगायचा राहतो का?"

ठेकेदाराला विचारलं. तो म्हणला, जून संपेपर्यंत कुणाला सुट्टी नाही. गेला तर परत येऊ नको.

खरं लिहू का? ठेकेदार नाही म्हणला ते बरं झालं. मला जायची भीती वाटते. पुण्यात होतो, सुरतला होतो, कुठंच वर्षभर टिकलो नाही, पण कुठूनही घरी जायची अशी भीती कधी वाटली नव्हती. अण्णा झोपलेले बघायचे नाहीत मला.

११ एप्रिल, शुक्रवार

आज स्कॅन झाला. नसेत रंग सोडतात आणि फोटो काढतात. तो रंग किडनीतून बाहेर पडतो. म्हणून सांगितलं — दोन दिवस पाणी भरपूर प्या, किडनीला जड जातं. दोन दिवसांनी रक्त तपासू.

स्कॅनला अंगावर धातू चालत नाही. लिंगाची चांदीची डबी काढायला लावली. आमच्यात, लिंगायतांत, लिंग अंगावरून निघत नाही. पाळण्यात बांधतात ते मातीत जाईपर्यंत. अण्णा आंघोळीत पण काढत नाहीत. सकाळी तळहातावर घेऊन पूजा, मगच पाण्याचा पहिला घोट. ताप असो, लग्न असो. पूजेआधी पाणी नाही म्हणजे नाही.

माझं लिंग घरी देवघरात आहे. कामावर दोरा अडकतो म्हणून काढलं, असं सांगतो. कुणी विचारत नाही, तरी सांगतो.

अण्णांची डबी रुद्राणीनं ओढणीच्या गाठीत बांधली. तेवढ्यात बोरीवरून फोन — मायला चक्कर आली, चुलीपाशी पडली. रुद्राणी तशीच पळाली, मिळाली ती एसटी धरली. अण्णा न् काका लॉजवर.

डबी तिच्याबरोबरच गेली! मंठ्याच्या पुढं गेल्यावर ध्यानात आलं तिच्या.

१२ एप्रिल

माय ठीक. बीपी. रुद्राणी उद्या निघते.

अण्णांना फोन केला.

"पाणी पिताव का?"

"पिलो की. बाटल्यावर बाटल्या रिकाम्या करायलो."

"लिंग नव्हतं ना पूजेला?"

"भस्म लावलं, नाव घेतलं. शिव काय डबीतच राहतो का? तू काम कर तुझं."

बरं वाटलं. अण्णा एवढे मोकळे होतील असं वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल, सोमवार

रुद्राणी काल संध्याकाळी लिंग घेऊन पोचली. आज रक्ताचा रिपोर्ट आला — किडनीचा आकडा वाढलाय! लय वाढलाय. डॉक्टरनं विचारलं, पाणी पिले होते का नीट? काका म्हणले, हौ, पिले. डॉक्टर म्हणे, मग असं व्हायला नको होतं.

भरती केलंय. सलाईन चालू. पोटाचं दुखणं वाढलंय.

१६ एप्रिल, बुधवार

डॉक्टरनं रुद्राणीला कागदावर चित्र काढून समजावलं. तिनं ते मला मोबाईलवर पाठवलं. दोन वाटाणे काढलेत, त्या किडन्या. मधून नळी, आणि किडनीच्या फांद्या फुटतात तिथंच खाली गोळा.

जागा एवढी चिकटून की मांडीतून जाळी घालायचा साधा उपाय बसत नाही. पोट उघडावंच लागंल. फुगलेला तुकडा कापून कापडाची नळी शिवायची. शिवताना रक्त थांबवायला चिमटा लावतात, तो किडन्यांच्या वर लावावा लागणार. तेवढा वेळ किडन्यांना रक्त नाही. चांगल्या किडन्या सहन करतात, परत चालू होतात. "यांच्या आधीच दुखावल्यात," डॉक्टर म्हणले. "थोडं थांबता आलं असतं तर सावरल्या असत्या. पण फुगा थांबंल का ते कोण सांगणार?"

रुद्राणी म्हणली, "दादा, सही करू का?"

म्हणलं, कर.

अजून काय म्हणणार? इकडून फुटंल, तिकडून बंद पडंल.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून प्लेटा धुतल्या. एकच रांग दोनदा धुतली. योगीराजनं पाइप काढून घेतला हातातून.

ऑपरेशनला नेताना परत लिंग काढलं. अण्णा म्हणले, रुद्राणीकडं देऊ नका. (ती याच्यावर लय रडली.) मुंजाजी काकांच्या हातात दिलं. काका माळकरी, त्यांना आमच्यातलं काय माहीत? दिवसभर उभेच! रुद्राणी म्हणली, काका, बसा की बाकड्यावर. तर म्हणले, "ह्याला घेऊन बसलेलं चालतंय का न्हाई, मला म्हाईत न्हाई पोरी. उभा ऱ्हातो."

झालं! ऑपरेशन झालं! नळी बसली, रक्त वाहतंय, पायाची बोटं गरम आहेत. डॉक्टर म्हणले, नळी आपल्या सगळ्यांच्या मागं पण टिकंल.

योगीराजनं सगळ्या कॅम्पात बिस्किटं वाटली. "शंभ्याच्या बापाला नवीन पाइपलाइन टाकलीय" म्हणून. मी पण हसलो. पहिल्यांदा घास गोड लागला.

१८ एप्रिल

लघवी नाही.

१९ एप्रिल

लघवी नाही. खाली लावलेली पिशवी कोरडी. रुद्राणी म्हणली, तिथं सगळे अण्णांकडं बघतच नाहीत, पिशवीकडं बघतात. डॉक्टर येतात, वाकतात, पिशवी बघतात, जातात.

२२ एप्रिल, मंगळवार

डायलिसिस चालू केलं. मानेत नळी घालून सगळं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात. अंग सुजलंय, तोंडात श्वासाची नळी आहे. बोलत नाहीत.

डॉक्टर म्हणले, किडन्या झोपल्यात. उठवायचं औषध नाही. वाट बघायची.

मी विचार करतो, माझं काम काय? धुणंच. पाणी मारायचं, ब्रश फिरवायचा, काळी प्लेट चकचकीत. चार दिवसांनी परत वाळू.

२५ एप्रिल, शुक्रवार

मुंजाजी काकांचा फोन. स्वतः कधी करत नाहीत. आधी कापसाचं बोलले, मग उन्हाचं. मग —

"शंभू, मला शिव्या दे."

म्हणलं, काय झालं काका?

"तुझ्या बापानं पाणी पिलं न्हाई रे. स्कॅन झाल्यावर. रुद्राणी डबी घिऊन गेली तवापासून परत येईपर्यंत. एक घोट न्हाई. मी बाटली द्यायचो, त्यो बेसिनमधी ओतायचा. मी म्हणलं, बसवंता, मरशील. म्हणला, पूजा झाल्याबिगर आजवर पिलो न्हाई, आता म्हातारपणी नेमाला बट्टा लावतो का? माझ्याकडून शपथ घेतली. पोरांना सांगशील तर आपली दोस्ती संपली म्हणला. मला वाटलं, एवढा देवाचा माणूस, देव बघून घेईल…"

"अन् डॉक्टरनं इचारलं तवा?"

"तवा बी शपथच व्हती."

मी फोन बंद केला. शिव्या देता आल्या नाहीत. वाळूत जाऊन लाथा मारल्या. वाळूला लागत पण नाही!

एप्रिलचं ऊन. लॉजची पत्र्याची खोली. त्यात तो रंग अंगात, आणि माणूस कोरडा बसलाय. बाटल्या ओततोय. का? तर डबी एसटीत गेली!

२६ एप्रिल

रुद्राणीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. काकांनीच सांगून टाकलं. ती फोनवर एकच बोलायलीय — "दादा, मी गाठ सोडून दिली असती तर. दादा, मी गाठ सोडून दिली असती तर."

म्हणलं, तुझी चूक नाही. म्हणताना मलाच खरं वाटलं नाही. मग कुणाची? काकांची? अण्णांची? शिवाची?

१० मे, शनिवार

लय दिवस लिहिलं नाही. लिहायला काय? लघवी नाही.

श्वासाची नळी काढली. पहिला शब्द काय, तर — "डबी." रुद्राणीनं सिस्टरच्या हाता-पाया पडून छातीवर ठेवली. मग म्हणले, "दुकान उघडतंय का कुणी?"

२१ मे, बुधवार

घरी आणलं. बोरीला.

टाके भरले. पोटावर छातीपासून खाली लांब वळ. नळी एकदम फर्स्टक्लास! नळीचं काहीच दुखणं नाही. ज्याच्यासाठी गेले ते बरं झालं आणि माणूस बिघडून आला.

आता आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आणि दिवसाला अर्धा लिटर पाणी. चहा, भाजीचा रस, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून. जास्त पिलं तर बाहेर पडायला वाट नाही. छातीत भरतं. डायलिसिसवाला पोरगा म्हणला, "कोरड्या जमिनीवर बुडतो माणूस." एक म्हातारा असाच गेला म्हणे, लग्नात सरबत पिऊन.

अर्धा लिटर. मेमध्ये. परभणी जिल्ह्यात.

२७ मे

फोनवर मागं भांडण ऐकू येत होतं.

अण्णा — "तीर्थ बी मोजायलीस का आता?"

रुद्राणी — "मोजते. पळीभर कमी घ्या."

माय — "घेऊ दे की गं, देवाचं हाय."

रुद्राणी — "देवाचं असलं तरी छातीतच जातंय!"

अण्णा हसले. लय दिवसांनी आवाज ऐकला हसण्याचा. तसाच कोरडा, पत्र्यावर वाळू उडते तसा.

९ जून, सोमवार

आज एक येडेपणा केला. बघू म्हणलं, अण्णा कसे राहतात. सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरून घेतली. दिवसभर एवढंच. योगीराज म्हणला, "येडा झालास का? हितं उंट बी मरतो."

चहाच्या वेळेपर्यंत ठीक. मग जीभ टाळूला चिकटायला लागली. हातात पाइप, त्यातून पाणी धो-धो प्लेटांवर चाललंय, वाळूत जिरतंय, आणि मी बघायलोय. नुसता आवाज ऐकून डोकं फिरलं. दुपारी जेवायच्या आधीच बाटली संपली. भाकर गिळंना. थोड्या वेळानं मी पाइप सरळ तोंडात धरला. टँकरचं खारट पाणी. पिलो, पिलो, उलटी होईपर्यंत पिलो.

योगीराज हसला नाही. नुसता पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

मी अर्धा दिवस पण काढू शकलो नाही. आणि मला सोडता येतं. अण्णांना नाही.

१५ जून, रविवार

काल डायलिसिसच्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं. किडन्या उठण्याची आशा धरून बसू नका. दोन महिने झाले, आकडे जागचे हलत नाहीत. आता असंच. जन्मभर.

मी रुद्राणीला म्हणलं, माझी किडनी घ्या. डॉक्टर म्हणले होते म्हणे — छाती कमजोर झालीय, पुन्हा एवढं मोठं ऑपरेशन हे शरीर झेलणार नाही. म्हणजे ते पण नाही.

अण्णा काय म्हणले विचारलं. म्हणली, रांजणाकडं बघत बसतात. माय रांजणावर पोतं टाकून ठेवते आता. त्यांना दिसू नये म्हणून. ते पोत्याकडं बघतात.

१९ जून

डायलिसिसवरून आले की दुसऱ्या दिवशीपर्यंत उठत नाहीत. उठले की परत जायचा दिवस. मुंजाजी काका रोज येऊन बसतात. अण्णा त्यांच्याशी बोलत नाहीत. शपथ मोडली म्हणून. तरी येतात. चहाची बशी समोर ठेवतात, कुणीच पीत नाही, गार होते, उचलून नेतात.

२२ जून, रविवार

अण्णांनी स्वतः फोन लावला! कुणाला सांगून लावून घेतला असणार. आवाज बारीक.

"शंभू, तिकडं लय ऊन हाय व्हय?"

"हौ. लय."

"पाणी हाय का प्यायला?"

"हाय. कॅम्पर येतो."

"गार असतंय?"

"असतंय."

"पोटभर पितोस?"

म्हणलं, पितो.

"पीत जा." मग — "तुझं लिंग मी रोज पुजतो. माझ्या पूजेबरोबर. तुझं राहिलेलं न्हाई काही. तेवढं ध्यानात ठिव."

मला वाटलं होतं, अण्णांना माझ्या लिंगाची आठवण पण नसंल. एवढ्या वर्षांत एकदा बोलले नाहीत! पूजा करून मगच पाणी, म्हणजे माझ्यासाठी पण थांबत होते रोज.

मग म्हणले, "शंभू, एक इचारू का? रुद्राणीला इचारलं तर रडतीया. तुझी माय कानच बंद करून घेती. तू घरातला मोठा. म्हणून तुला इचारतो."

"इचारा की."

"एकदा पोटभर पिऊ का? रांजणातलं. एकदाच."

वारा लय होता. प्लेटा थरथरत होत्या. मी फोन कानाला धरून उभा. नको म्हणायचं तोंडावर आलं होतं. आणि जीभ टाळूला चिकटली, त्या दिवसासारखी.

अण्णा थांबले. लय वेळ थांबले.

मग म्हणले, "बरं." आणि फोन ठेवला.

२३ जून, सोमवार

ठेकेदाराला सांगितलं, मी चाललो, परत घ्यायचं तर घे. योगीराज तिकिटाचं बघायलाय. उद्या दुपारची गाडी.

दोनदा फोन हातात घेतला. अण्णा, नको, असं म्हणायला. का नको, ते सांगता येईना. पिऊ नका, जगा — कशासाठी? अजून एक मंगळवार, एक गुरुवार, एक शनिवार. पिऊन घ्या म्हणू? बापाला?

उद्या निघायच्या आधी फोन करतो. काय बोलायचं ते आज ठरवतो.

२४ जून, मंगळवार

मी करायच्या आधीच रुद्राणीचा फोन आला. अण्णा परभणीच्या गाडीत बसले नाहीत. उठल्या उठल्या लिंग गळ्यातून काढून देवघरात माझ्या लिंगाशेजारी ठेवलं. पूजा केली नाही. रांजणावरचं पोतं काढलं, तांब्या बुडवला, पिले. परत बुडवला, पिले. तिनं हात धरला तर म्हणले —

"शंभूला इचारलंय मी. त्यो न्हाई म्हणला न्हाई."